मुलांच्या प्रकरणात वकील आणि बालकल्याण कार्यकर्ते एकमेकांशी बोलले नाहीत तर काय होतं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी थांबली. जमिनीचे वाद, सहकारी संस्थांचे वाद, नोकरीचे वाद आता जवळ सुटतील यावर भरपूर बोलून झालं. मुलांच्या प्रकरणांचं काय होणार, यावर मात्र फारसं काही वाचायला मिळत नाही.

आणि नेमक्या याच बातम्या सामान्य वाचकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात. ‘मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं’, ‘बालगृहात दाखल’, ‘विशेष न्यायालयात दोषारोपपत्र’. एकाच मुलीबद्दल तीन वेगवेगळी ठिकाणं. मग निर्णय कोण घेतं? समिती मोठी की कोर्ट? वकील नक्की कुणाचा? हे समजून घ्यायला कायद्याची पुस्तकं उघडायची गरज नाही. एका मुलीच्या मागोमाग चालत गेलं की पुरे.

समजा, एक मुलगी दवाखान्यात आली

ही मुलगी कल्पित आहे, पण तिच्या गोष्टीतला कुठलाच तुकडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या शिरोळ, कागल, हातकणंगल्याच्या शिवारात खोपटी टाकतात. अशाच एका टोळीतली पंधरा वर्षांची मुलगी पोटात दुखतं म्हणून सरकारी दवाखान्यात येते. तपासणीत कळतं, ती सात महिन्यांची गरोदर आहे. सोबतची सासू म्हणते, ‘लग्न झालंय की तिचं. आधार कार्डावर अठरा पूर्ण आहेत.’

इथून पुढे डॉक्टरांना गप्प बसता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, असा प्रकार कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवायला बांधून घेतो. न कळवणं हाही गुन्हा आहे. लग्न झालंय ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, आणि आता भारतीय न्याय संहितेतही तेच वय आहे.

पोलिसांनी चोवीस तासांच्या आत दोघांना कळवायचं असतं: विशेष न्यायालयाला आणि बाल कल्याण समितीला. इथे मुलीच्या एका आयुष्याच्या दोन फायली होतात.

दोन फायली, दोन प्रश्न

कोर्टाच्या फाईलचा प्रश्न असतो: गुन्हा झाला का, कुणी केला, पुरावा काय? समितीच्या फाईलचा प्रश्न वेगळा: ही मुलगी आज रात्री कुठे झोपेल, तिचं बाळंतपण कोण बघेल, पुढे तिचं आणि बाळाचं काय?

बाल कल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत आणि महिन्यातून किमान वीस दिवस बसायला सांगितलं आहे. म्हणजे ही सल्लागार मंडळी नव्हेत. त्यांचा आदेश हा आदेशच असतो, त्यावर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. अपील सोडलं तर समिती कोर्टाच्या वर नाही आणि खालीही नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

समितीचे डोळे आणि पाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कार्यकर्ते, संस्थांमधले समुपदेशक, मुलाच्या घरची चौकशी आणि देखरेख करणारे परिविक्षा अधिकारी, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची माणसं. या कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी असं एक पद आहे. एकाच माणसाने कायदाही सांभाळायचा आणि घरभेटही. सरकारने ही दोन कामं जोडायचं ठरवलं, हे या पदावरूनच दिसतं. प्रत्यक्षात जिल्हाभराचं ओझं त्या एका खुर्चीवर येतं आणि जोडणीचं काम मागे राहतं.

ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांची वाट निराळी. ती बाल न्याय मंडळापुढे जातात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते एकाच टेबलाशी बसतात. त्या कार्यकर्त्यांना मुलांच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो किंवा बालमानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयाची पदवी आणि व्यवसाय. कायद्याने तिथे सहकार्य नुसतं सुचवलं नाही, खुर्च्या मांडून दिल्या आहेत. आपल्या मुलीच्या प्रकरणात तशा खुर्च्या नाहीत. तिथे ते जमवून आणावं लागतं.

एक विस्तवाशी, एक काहिलीशी

पन्हाळ्याकडे किंवा करवीरच्या गुऱ्हाळघरात उभं राहून पाहिलं असेल तर लक्षात येईल. चुलवाणात जाळ घालणारा माणूस खाली, आगीसमोर. गुळव्या वर, काहिलीशी. खालच्याला रस दिसत नाही, वरच्याला विस्तव दिसत नाही. म्हणून ते सतत एकमेकांना हाका मारतात. हाक चुकली तर रस करपतो किंवा गूळ बसत नाही, आणि दोघांनी आपापलं काम चोख केलेलं असतं.

कार्यकर्ती मुलीच्या जवळ असते. रात्री ती झोपते का, नवऱ्याचं नाव काढलं की हात कुठे जातात, आईशी फोनवर काय बोलते, हे तिला ठाऊक असतं. वकिलाला ठाऊक असतं की कोर्टात काय टिकतं, कुठला कागद कुठल्या तारखेच्या आत लागतो. दोघांच्या मधे हाक नसेल तर कार्यकर्तीला माहीत असलेलं न्यायाधीशांपर्यंत पोचतच नाही.

सगळं प्रकरण एका दाखल्यावर अडतं

मुलगी खरोखर अठरा वर्षांखालची आहे का, यावर पॉक्सोचा अख्खा खटला उभा असतो. सासू म्हणते अठरा, मुलगी म्हणते पंधरा.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही, आणि ते जन्मतारखेचा पुरावा मानता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

आता कार्यकर्ती काय करते? बीडच्या जिल्हा परिषद शाळेत फोन लावते, मुख्याध्यापक दाखला पाठवतात, ती तो फाईलला लावते. तिच्या दृष्टीने काम झालं. पण २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलताना मिळणारा दाखला वयाचा पुरावा म्हणून धरला नाही, कारण कलम ९४ च्या यादीत तो बसत नव्हता. आरोपी सुटला. कार्यकर्तीच्या फाईलमध्ये असाच दाखला असेल, तर बचाव पक्षाचा वकील पहिल्या दिवशी त्याच्यावर बोट ठेवणार.

वकिलाने आधीच दोन मिनिटं बोलून सांगितलं असतं की शाळेकडून जन्मतारखेचाच दाखला घ्या, सोबत पहिलीच्या प्रवेशाच्या रजिस्टरचा उतारा घ्या, आणि ते रजिस्टर घेऊन साक्षीला कोण येईल हेही विचारून ठेवा. तर? तीच धावपळ, तेवढेच पैसे. फरक फक्त त्या दोन मिनिटांचा. या विषयाबद्दल मला जी तळमळ वाटते ती इथेच आहे. प्रकरणं कायद्यात खोट असल्यामुळे पडतात त्याहून जास्त, अशा न झालेल्या संभाषणांमुळे पडतात असं माझं मत आहे.

‘घरचे वातावरण चांगले नाही’ एवढ्याने काय कळतं?

समितीला निर्णय घ्यायला सामाजिक तपासणी अहवाल लागतो. घर, शाळा, शेजार, आरोग्य, नातेवाईक यांची चौकशी करून कार्यकर्त्याने तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे समितीला मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो.

बऱ्याच अहवालांत एक ठरीव वाक्य असतं: ‘घरचे वातावरण मुलीसाठी पोषक नाही.’ न्यायाधीश या वाक्याचं काय करणार? कोणी पाहिलं, कधी पाहिलं, काय पाहिलं, काहीच नाही. वकील विचारणार, ‘हे तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?’ आणि कार्यकर्ती साक्षीच्या पिंजऱ्यात गडबडणार, तिला सगळं माहीत असूनसुद्धा.

त्याऐवजी अहवाल असा हवा: अमुक तारखेला दुपारी साडेचारला भेट दिली. खोपटात एकच खोली, सहा माणसं. सासऱ्याने मुलीशी एकटीने बोलू दिलं नाही. शेजारच्या खोपटातल्या बाईने सांगितलं की मुलगी पहाटे तीनला फडावर जाते. यावरून मला असं वाटतं की तिला तिथे परत पाठवणं धोक्याचं आहे. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि आपला निष्कर्ष वेगळा. वकिलांना हे शिकवलेलं असतं, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्वचितच.

उलट बाजूनेही शिकायला तेवढंच आहे. मुलगी साक्षीत तारखा चुकते, हसते, मधेच गप्प होते, आधी एक आणि नंतर दुसरं सांगते. मुलांसोबत रोज काम करणाऱ्याला यात नवल वाटत नाही, कारण धक्का बसलेलं मूल असंच सांगतं. पण हे वकिलाला कुणी सांगितलं नसेल तर तो तिला खोटी समजतो, निदान तसं वागतो. अहवाल लिहिणारा आणि वाचणारा एकदा समोरासमोर बसले तर दोघांचंही काम सुधारतं.

हा अहवाल गोपनीय असतो. समिती त्याचा आशय मुलाला, पालकांना कळवू शकते, त्यांना त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं. पण तो गावात फिरायची वस्तू नव्हे. वकिलाशी बोलायचं म्हणजे समुपदेशनात मुलीने विश्वासाने सांगितलेलं सगळं ओतायचं असंही नाही. काय सांगायचं ते मुलीला विचारून ठरवावं लागतं.

मुलीच्या बाजूने उभं कोण?

सरकारी वकील मुलीचा वकील नसतो, तो राज्याचा असतो. त्याला खटला चालवायचा असतो, मुलीच्या शाळेची काळजी करायची नसते. मुलीला स्वतःचा वकील घेण्याचा हक्क पॉक्सोच्या कलम ४० ने दिला आहे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तो मोफत द्यायचा. मुलांच्या बाबतीत उत्पन्नाची अटही नाही. १५१०० हा त्यासाठीचा फोन.

दुसरी व्यक्ती म्हणजे सपोर्ट पर्सन. हा शब्द कोर्टात आणि संस्थांत असाच वापरला जातो. समितीने मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने नेमलेली, तपासापासून निकालापर्यंत सोबत राहणारी ही व्यक्ती. पुढची तारीख काय, आरोपीला जामीन मिळाला का, नुकसानभरपाईचं काय झालं, हे तिने मुलीला समजेल अशा भाषेत सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर सविस्तर निर्देश दिले. सपोर्ट पर्सन आणि मुलीचा वकील यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर असणं, ही माझ्या मते सहकार्याची पहिली पायरी.

पैशाचंही या दोघांवरच अवलंबून असतं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी असलेल्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची मदत विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. त्याशिवाय जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती लगेच मदतीची शिफारस करू शकते. मागणी कोणी करायची हे ठरलेलं नसलं की ती होत नाही.

आपल्या भागापुरतं एक महत्त्वाचं. ऊस हंगाम मार्चच्या आसपास संपतो आणि टोळी गावी जाते. मुलगी, तिची आई, शेजारची बाई, सगळे साक्षीदार शेकडो किलोमीटर लांब. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब त्याआधी झाला पाहिजे. पॉक्सो सांगतो की न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी. टोळी कधी हलणार हे कार्यकर्तीला कळतं, तारीख लवकर मागायचं काम वकिलाचं. मुलीचा जिल्हा बीड असल्याने तिचं प्रकरण तिथल्या समितीकडे जाऊ शकतं. म्हणजे आता दोन जिल्ह्यांच्या समित्या आणि एक खटला. फाईल मुलीच्या आधी पोचली नाही तर बीडची समिती पुन्हा पहिल्यापासून तिला तेच प्रश्न विचारणार.

‘वकील आला की प्रकरण लांबतं’

ही तक्रार कार्यकर्त्यांकडून येते आणि ती खोटी नाही. तारखा पडतात, कार्यकर्त्याचा अख्खा दिवस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात बाकावर जातो. पण वकील नसताना प्रकरण लवकर संपतं ते बहुधा मुलाच्या विरोधात. मुलीला आडवेतिडवे प्रश्न थेट विचारायला पॉक्सोमध्ये बंदी आहे, दोन्ही बाजूंनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलीला विचारायचे. आरोपी तिच्या नजरेसमोर येता कामा नये. सुनावणी बंद दाराआड हवी. हे नियम पाळले जात नसतील तर उभं राहून हरकत घ्यायला कुणीतरी लागतं. कार्यकर्ती ते करू शकत नाही.

‘ही माणसं मुलं आईबापांपासून तोडतात’

ही भीती खरी आहे, गरीब घरांत तर फार खरी. पण बाल न्याय कायद्याचं तत्त्व उलटं आहे: संस्था हा शेवटचा उपाय, कुटुंबाकडे परत पाठवणं हे पहिलं उद्दिष्ट. पॉक्सोच्या प्रकरणात मुलीला घरातून हलवायचं का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं, आणि मुलीचं म्हणणं ऐकून. धोका घरातूनच असेल तर प्रश्न वेगळा. केवळ गरिबी हे कारण असेल तर महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिच्यात पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरातच किंवा नातेवाइकांकडे राहतं. समितीपुढे पालकांना हे कुणीतरी सांगावं लागतं. पालकांच्या हाती कोरा कागद सही करायला देऊन चालत नाही.

‘मुलगीच नवऱ्याकडे जायचं म्हणते, मग?’

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि त्याचं सोपं उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. कायदा अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती मानत नाही. पण तिचं म्हणणं ऐकून घेणं हेही कायद्याचंच तत्त्व आहे. पश्चिम बंगालमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी दोषी ठरवलेल्या माणसाला २३ मे २०२५ रोजी शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. त्याआधी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीची परिस्थिती जाणून घेतली होती. समाज, यंत्रणा आणि तिचं घर, सगळ्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं होतं असं समोर आलं. हा निर्णय इतर खटल्यांसाठी दाखला नाही हेही न्यायालयाने सांगितलं. पण देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांनाही निर्णयासाठी मुलीच्या जवळ जाऊन बसणाऱ्या माणसांचा अहवाल लागला.

आपल्या मुलीपुढे आणखी एक वाट आहे. बालविवाह आपोआप रद्द होत नाही. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत तो रद्द करून मागू शकते. ती अजून अल्पवयीन असेल तर अर्ज पालक किंवा हितचिंतक व्यक्तीने बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत करायचा, आणि खेडेगावात हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). वकील, कार्यकर्ती आणि ग्रामसेवक तिघं एकत्र आल्याशिवाय हा कागद तयारच होत नाही. विवाह रद्द झाला तरी बाळ औरसच राहतं. आईला बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते समितीकडे सोपवता येतं, आणि निर्णयाचा फेरविचार करायला तिला दोन महिने मिळतात.

‘तक्रार केली तर गावभर नाव होईल’

बाल न्याय कायद्यानुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात नाव, शाळा, पत्ता, फोटो सगळं आलं. व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यालाही सूट नाही. आणि ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांसाठी: विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा शिक्षकावरचा गुन्हा, पालकांशी समझोता झाला म्हणून, उच्च न्यायालयाने रद्द केला होता; नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला.

आता उच्च न्यायालय जवळ आलं, मग काय करता येईल?

आरोपीच्या जामिनाची उच्च न्यायालयातली सुनावणी आता इथेच होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की पॉक्सोच्या प्रकरणात मुलाच्या कुटुंबाला किंवा त्याच्या वकिलाला अशा सुनावणीची माहिती मिळाली पाहिजे. पूर्वी मुंबईतल्या तारखेला आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या कुटुंबाने जाणं अशक्य होतं. आता सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतता येतं. पण माहितीच पोचली नाही तर अंतर कमी होऊन उपयोग नाही.

माझ्या मनात तीन साध्या गोष्टी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष यांनी महिन्यातून एकदा चालू प्रकरणांची यादी समोर ठेवून बसावं, भाषणं न करता. मोफत विधी सहाय्याच्या यादीतल्या ज्या वकिलांना मुलांची प्रकरणं दिली जातात त्यांनी वर्षातून काही दिवस बालगृहात आणि घरभेटींत घालवावेत. आणि ऑक्टोबरमध्ये, टोळ्या यायच्या आधी, बीडच्या समितीचा संपर्क, कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी सीमाभागातल्या दुभाष्यांची नावं आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या ग्रामसेवकांचे नंबर एका कागदावर तयार असावेत.

आणि तुम्ही यातले कुणीच नसाल, शेजारी, शिक्षक, मुकादम किंवा शेतमालक असाल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तुम्ही काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं, हे फोनवर वेगवेगळं सांगा.